वेळेआधी विरघळायचं नाही

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व कुठलं, दीर्घ कुठलं हे मला नीट कळत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, मुखेडजवळच्या आमच्या गावात. पुढे लिहायचं काम पडलं नाही. ही वही माझ्या मुलीची, मुक्ताची आहे. मागची पानं कोरी राहिली होती, ती मी घेतली. कुणाला दाखवायची नाही. तरीपण माफी मागते, कारण ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांनीच माझ्या हातात पुन्हा पेन दिला, आणि त्यांच्याविषयी लिहिताना चुका झाल्या तर बरं वाटणार नाही.

सरांचं नाव लिहीत नाही. तोंडानं कधी घेतलं नाही, मग कागदावर कसं घेऊ. नांदेडच्या एका कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे. तास संपले की मागच्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत जाऊन बसायचे. तिथं मी झाडझूड करायचे, फरशी पुसायचे आणि काचेची भांडी धुवायचे. कंत्राटावर. आमचे मालक, म्हणजे मुक्ताचे वडील, मोंढ्यात धान्याच्या बाजारात हमाली करतात. एकाच्या कमाईत भागेना म्हणून मी हे काम धरलं.

पहिल्याच दिवशी सर मला "अक्का" म्हणाले. ते उदगीरकडचे, तिकडं मोठ्या बहिणीला असं म्हणतात. माझी तिशी उलटायची होती आणि सरांचे केस पांढरे झालेले. मी खाली बघत म्हणाले, "सर, मी लहान हाय तुमच्यापेक्षा."

"असू द्या. काचेची भांडी तुमच्या हातात आहेत. मी तुम्हाला दबूनच राहिलेलं बरं."

आणि लगेच विचारलं, "घरात कुणाचं हाड मोडलंय का?"

मला वाटलं, हे काय विचारणं. पण सर सगळ्यांनाच हे विचारायचे. भाजीवालीला, टपालवाल्याला, कॉलेजच्या प्राचार्यांनासुद्धा. एकदा एसटीत लंगडत तिकीट फाडणाऱ्या कंडक्टरला त्यांनी विचारलं, "आत काय टाकलंय, स्टील का टायटॅनियम?" कंडक्टर म्हणाला, "मालक, आधी सुट्टे पैसे द्या." ही गोष्ट सर स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

मी सांगितलं की हाव, माझ्या लेकीचं मोडलंय. मुक्ता तेव्हा नऊ वर्षांची होती. गावाकडं लग्नाला गेलो होतो, तिथं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडली आणि नडगीचं हाड मोडलं. सरकारी योजनेतून फुकट ऑपरेशन झालं. हाडाला स्टीलची प्लेट आणि सहा स्क्रू. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पोरगी वाढीची आहे, दीड वर्षात प्लेट काढावीच लागेल, नाहीतर वाढणारं हाड तिच्यावर चढेल आणि मग फार त्रास होईल.

"म्हणजे पुन्हा चिरणार," सर म्हणाले.

"हाव."

"किती महिने झाले?"

"तीन."

सर बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग उठले आणि अंगाला एप्रन अडकवत म्हणाले, "पंधरा राहिले. आम्हालाच उशीर झाला." कशाला उशीर झाला ते मला कळलं नाही. पण तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी ते मुक्ताच्या पायाची चौकशी करायचे, आणि पंधराचे चौदा, चौदाचे तेरा असे महिने त्यांच्या डोक्यात चालू असायचे.

काम काय चाललं आहे हे सरांनी मला एकदा बसवून सांगितलं. झाडणाऱ्या बाईला असं कुणी बसवून सांगत नाही. मॅग्नेशियम नावाचा एक धातू आहे. वजनाला एकदम हलका. त्याची प्लेट किंवा स्क्रू हाडाला बसवला तर तो अंगातच हळूहळू विरघळून जातो, दुसऱ्यांदा चिरून काढायची गरजच नाही. अंगाला तो बाधतही नाही. अडचण एवढीच की त्याला फार घाई. अंगातलं खारं पाणी लागलं की तो लगेच झिजायला लागतो, बुडबुडे सोडतो, आणि हाड भरून यायच्या आधीच ढिला पडतो. म्हणून सर त्याच्यावर एक पातळ थर चढवत होते. कॅल्शियम फॉस्फेटचा. हे नाव मी पाठ केलं आहे. सर स्वतःच्या दातांवर नख वाजवून म्हणायचे, "हेच. दात आणि हाड दोन्हीचं पीठ हेच. हाडाच्या पिठाचं पांघरूण घातलं की हाडालाही तो परका वाटत नाही आणि पाण्यालाही लवकर सापडत नाही."

"मग इरघळणारच न्हाई की," मी म्हणाले.

"विरघळलं पाहिजे अक्का. पण वेळेआधी विरघळायचं नाही."

हे त्यांचं नेहमीचं बोलणं. चहात बिस्कीट बुडवताना म्हणायचे, परीक्षा चालू असताना रडणाऱ्या पोरांना म्हणायचे, आणि एकदा प्राचार्य त्यांच्यावर चिडले तेव्हा त्यांनाही म्हणाले.

प्रयोगशाळेत एक पाण्याची पेटी होती. तिच्यातलं पाणी रात्रंदिवस सदतीसवर ठेवायचं, कारण माणसाचं अंग तेवढंच गरम असतं. त्या पाण्यात बाटल्या, आणि बाटल्यांत सर ज्याला "खोटं रक्त" म्हणायचे ते पाणी. रक्तात जेवढे क्षार असतात तेवढेच मोजून घातलेले. त्यात शर्टाच्या गुंडीएवढे धातूचे तुकडे बुडवलेले. पेटीजवळ कुणी मोठ्यानं बोललेलं सरांना खपायचं नाही. "आत पेशंट आहे," म्हणायचे.

एकदा डिसेंबरात सकाळी लाईट गेली. जनरेटर बंद पडलेला. थंडी म्हणजे दात वाजून राहिलेले. पेटीतलं पाणी निवायला लागलं तशी सरांची घालमेल सुरू झाली. त्यांनी दोन बाटल्यांना घट्ट बुचं लावली, कोरड्या केल्या आणि दोन्ही खाकांत धरून खुर्चीवर बसले. तेवढ्यात ऑफिसचा शिपाई कागद घेऊन आला.

"सर, सही पायजे."

"हात उचलता येत नाही."

"का हो सर? दुखून राहिला का?"

"खाकेत पेशंट आहे."

शिपायानं माझ्याकडं बघितलं. मी तोंडाला पदर लावला. सर म्हणाले, "अक्का, हसून काय राहिलात, तुम्हीपण एक घ्या." मग मी एक बाटली स्वेटरच्या आत पोटाशी धरली. सरांच्या हाताखाली पीएचडी करणारी रेखा, जळकोटची, तिनं दोन शालीत गुंडाळल्या. लाईट येईपर्यंत आम्ही तिघं खुडूक बसलेल्या कोंबड्यांसारखे बसून होतो. शिपाई जाताना म्हणाला, "पिल्लं निघाली की सांगा." सरांनी त्याला गंभीरपणानं उत्तर दिलं, "पिल्लं निघायला तीन महिने लागतात."

आता माझी चूक लिहिते. ती लिहायला मला अजून लाज वाटते.

आमच्याकडं बोअरचं पाणी जड आहे. कुठल्याही भांड्यात उकळलं की आतून पांढरा थर धरतो. बाया तो चिंच लावून काढतात. प्रयोगशाळेतली चहाची किटली मी तशीच घासायचे, त्यासाठी चिंचेचा गोळा डब्यात ठेवलेला असायचा. दिवाळी जवळ आली होती. सगळीकडं स्वच्छता चाललेली. टेबलावर एका ताटलीत अठ्ठावीस गुंड्या वाळत होत्या, सगळ्यांवर पांढरा खरखरीत थर. मला वाटलं, बिचाऱ्या बोअरच्या पाण्यात पडून खराब झाल्या. सर येईपर्यंत चकचकीत करून ठेवू. मी वाटीत चिंच भिजवली, मीठ घेतलं आणि एकेक गुंडी घासली.

थर लगेच निघाला. मी खूश झाले. मग वाटीतल्या गुंड्या फसफसायला लागल्या. बुडबुडे, नुसते बुडबुडे, सोडा टाकल्यासारखे. बाहेर काढल्या तर काळ्या पडलेल्या आणि खड्डे खड्डे झालेले. पाण्यानं धुवून धुवून बघितलं. मग ताटली पुढ्यात घेऊन तिथंच खाली बसले.

रेखा आधी आली. तिनं ताटली बघितली आणि रडायलाच लागली. चार महिन्यांचं काम होतं. त्या गुंड्या पुढच्या आठवड्यात हैदराबादला तपासणीला जायच्या होत्या आणि त्या निकालावर पुढच्या वर्षाचा निधी मिळायचा होता. मला एवढंच दिसत होतं की काम गेलं. काम गेलं तर मुक्ताच्या पायातली प्लेट कशी काढायची. तेव्हा तिच्या पायाला आठ महिने उरले होते.

सर आले. ताटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. वाटीत एक गुंडी अजून फसफसत होती. भिंग घेऊन तिच्यावर वाकले.

"चिंच?" त्यांनी विचारलं.

"हाव सर."

"किती वेळात थर गेला?"

"दोन मिनिटं बी न्हाई लागली."

"रेखा, रडणं थांबव आणि लिही. चिंच, मीठ, दोन मिनिटं."

मग एक खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "अक्का, तुम्ही जो थर आयुष्यभर भांड्यावरून घासून काढता ना, त्याचाच भाऊबंद या धातूवर बसावा म्हणून मी एवढी वर्षं धडपडून राहिलोय. हे तुम्हाला कुणी दाखवलं नाही. मी नुसतं बोललो, थर कसा दिसतो ते दाखवलं नाही. आता उठा, चहा टाका. किटली घासलीच असेल."

मोठ्यानं बोलले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

प्रकार वरपर्यंत गेला. कंत्राटदाराच्या माणसाला बोलावलं, मला बदलायचं ठरत होतं. सरांना प्राचार्यांनी विचारलं. मी दाराबाहेर उभी होते, सगळं ऐकू येत होतं.

"मी सांगितलं होतं घासायला," सर म्हणाले. "चिंचेचा प्रयोग होता."

"कसला प्रयोग?"

"हा थर चढवलेला धातू चिंचेत किती टिकतो ते बघायचं होतं."

"मग किती टिकतो?"

"टिकत नाही."

मग प्राचार्य म्हणाले, "अवघड आहात हो तुम्ही." माझं काम वाचलं. सर खोटं बोललेले मी तेवढं एकदाच ऐकलं. तेसुद्धा त्यांच्या मनाला टोचलं असावं, कारण नंतर त्यांनी खरंच तो प्रयोग पुन्हा करून वहीत लिहिला. त्या वर्षीचा निधी मिळाला नाही. रेखाचं काम अर्धं वर्ष लांबलं. हे मला फार उशिरा कळलं, तेही रेखाकडून. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी चहाचा कप पुढं करत म्हणाली, "मावशी, घासायचं काही राहिलं नसेल तर मला घासा." तेव्हा मी रडले आणि ती हसली.

त्यानंतर सरांनी मला शिक्षा दिली. शिक्षा म्हणजे एक वही आणि एक पेन. बाटल्यांवर काचेच्या उलट्या नळ्या लावलेल्या असायच्या. धातूतून निघालेले बुडबुडे नळीत वर जमायचे आणि आतलं पाणी खाली सरकायचं. नळीवर रेघा आणि आकडे. सकाळी आल्या आल्या आणि जाताना ते वाचून वहीत मांडायचे.

"मला न्हाई येत लिहायला सर. अक्षर लई घाण हाय."

"आकडे येतात ना?"

"येतात."

"मग अक्षराचं काय करायचंय. आकडा खरा पाहिजे."

पहिले दोन दिवस सर मागं उभे राहून ताडून बघत होते. नंतर त्यांनी बघणं सोडलं. माझ्या वाकड्या आकड्यांवरून ते कागदावर रेघा काढायचे. रेघ झपकन वर गेली म्हणजे धातू घाईत आहे, आडवी राहिली म्हणजे पांघरूण टिकून आहे. हळूहळू मला रेघ न बघताही कळायला लागलं. सकाळी दार उघडताना मनात यायचं, आज कमी बुडबुडे असू देत. मुक्ताच्या पायाचे महिने इकडं कमी होत होते आणि मी बुडबुडे मोजत होते.

थर चढवायचं पाणी वेगळं असायचं. त्यात तुकडे आडवे ठेवलेले. मला दिसायचं की तुकड्याच्या खालच्या बाजूला बुडबुडा अडकून बसतो आणि थर चढल्यावर तिथं गोल उघडी जागा राहते. झिजायला सुरुवात तिथूनच. मी तीन दिवस बोलले नाही. म्हटलं, एवढे शिकलेले आहेत, त्यांना दिसत असेलच. चौथ्या दिवशी सर एकटे होते तेव्हा मी म्हणाले, "सर, भाकरीखाली वाफ कोंडली की तेवढी जागा कच्ची राहते. हे तसंच दिसून राहिलंय."

सरांनी ताटली नाकापर्यंत नेली. "मग भाकरी काय करता?"

"फिरवतो. दाबतो. पण हे उभं टांगलं तर? बुडबुडा वर निघून जाईल."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत बारीक दोऱ्यांना गुंड्या लटकत होत्या, तोरणासारख्या. एवढ्यानं सगळं सुटलं असं नाही. थराला तडे जात होते, कुठं जाड कुठं पातळ होत होता, आणखी पुष्कळ होतं जे मला समजत नाही. पण गोल उघड्या जागा कमी झाल्या. त्या दिवशीच्या पानावर सरांनी लिहिलं, "उभे टांगणे: अक्का." रेखानं मला ते वाचून दाखवलं. मी वाचू शकत होते, पण तिनं वाचलेलं बरं वाटलं.

महिने मात्र संपले. मुक्ताच्या नडगीवर प्लेटच्या वर कातडी लाल व्हायला लागली, पावसाळी गारठ्यात ती पाय ओढून चालायची. पहिल्या वेळी चाललेला योजनेचा कागद या वेळी परत आला, कारण रेशनकार्डावर आम्ही तिचं घरातलं नाव घातलं होतं आणि शाळेत वेगळं. चूक आमचीच. दुरुस्तीला वेळ लागणार होता आणि डॉक्टर म्हणत होते थांबू नका. बाहेर करायचं तर चाळीस हजार. मालक म्हणाले, "मुकादमाची उचल घेऊ. सहा महिने ऊस तोडू. पोरीला बी संगं नेऊ." ऑपरेशन झालेल्या पायानं उसाच्या फडात, आणि शाळा बंद. पण दुसरा रस्ता मलाही दिसत नव्हता. मी सरांना सांगायला गेले की महिनाअखेर काम सोडते.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पैसे मी भरतो."

"न्हाई सर."

"आमचा धातू वेळेवर तयार झाला असता तर पोरीला एकदाच चिरलं असतं. उशीर मी केलाय. हा माझा दंड आहे."

"तुमचे चार महिने तर मीच चिंचेत घातले. दंड असला तर माझा. फुकट घेणार न्हाई मी."

"अक्का, हट्टी आहात."

"हाव."

सर रागानं बाहेर निघून गेले. अर्ध्या तासानं आले ते वही घेऊन. एका पानावर पट्टीनं ऐंशी चौकोन आखले होते. "कर्ज. महिन्याला पाचशे. व्याज नाही, व्याजाचं गणित मला येत नाही." रसायनातली एवढी मोठी गणितं करणारा माणूस असं म्हणत होता. "पण तारण पाहिजे. काय ठेवता?"

माझ्याकडं मंगळसूत्रातल्या दोन वाट्या सोडून सोनं नव्हतं. माझा हात गळ्याकडं गेला.

"ते नको," सर घाईनं म्हणाले. "डॉक्टर जी प्लेट काढतील ती ठेवा."

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी प्लेट आणि सहा स्क्रू धुवून पुडीत बांधून दिले. मी ती पुडी सरांना नेऊन दिली. त्यांनी प्लेट तराजूवर ठेवली, वजन वहीत लिहिलं, माझी सही घेतली आणि प्लेट टेबलावर कागद दाबायला ठेवून दिली. आमचे मालक म्हणाले, "माणूस लई मोठा हाय, पण येडा हाय. भंगारात ईस रुपये येणार न्हाईत त्याचे, अन् चाळीस हजाराला तारण." ऊसतोडीला आम्ही गेलो नाही.

एक वर्षानं माझी भिशी लागली, दहा हजारांची. मी तशीच नोटा घेऊन सरांकडं गेले. म्हटलं, ओझं जरा हलकं होईल. सरांनी पाचशेची एक नोट काढून घेतली आणि बाकीच्या परत दिल्या.

"घ्या ना सर. फिटून जाऊ द्या."

"वेळेआधी नाही अक्का. हाड भरून येईपर्यंत आधार राहिला पाहिजे. हे पोरीच्या शाळेला लावा."

तेव्हा मला त्यांचं ते नेहमीचं बोलणं पहिल्यांदा पूर्ण समजलं. बाहेर पॅसेजमध्ये उभं राहून मी नोटा पुन्हा मोजल्या, डोळ्यांत पाणी होतं म्हणून मोजता येईनात.

सर निवृत्त झाले आणि लातूरला धाकट्या बहिणीकडं राहायला गेले. त्यांनी लग्न केलं नव्हतं. मी म्हटलं, आता मुक्ताच्या फोनवरून पैसे पाठवत जाऊ. सर म्हणाले, पाठवा. दर महिन्याला पैसे पोहोचले की त्यांचा फोन यायचा. "आकडा खरा आहे," एवढंच. मग मुक्ताच्या पायाची चौकशी. कोरोनात दोन महिने काम बंद होतं, पैसे गेले नाहीत. त्या दोन महिन्यांतही फोन आला. "दोन चौकोन मागं सरकवलेत. पोरगी चालते ना नीट?" रेखा आता एका कॉलेजात शिकवते आणि तेच काम पुढं करते. तिच्याकडं गुंड्यांऐवजी स्क्रू आहेत. परदेशात असे स्क्रू काही ठिकाणी माणसांना बसवायला लागलेत असं ती सांगते. आपल्या इकडच्या पोरांच्या पायात कधी येतील ते तिलाही सांगता येत नाही.

शेवटचा हप्ता हातात द्यायचा असं मी ठरवलं होतं. मागच्या महिन्यात मुक्ताला घेऊन एसटीनं लातूरला गेले. मुक्ता आता कॉलेजात आहे. जिना दोन दोन पायऱ्यांनी चढली आणि सर वर दारातच उभे राहून तिचे पाय बघत होते. त्यांच्या उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला.

"न्हाणीत पडलो," ते म्हणाले. "प्लेट टाकलीय."

"कसली?" मुक्तानं विचारलं. ती लहानपणापासून त्यांचं बोलणं माझ्याकडून ऐकत आली होती.

"स्टील!" सर हसायला लागले. "डॉक्टरला म्हटलं, मॅग्नेशियम नाही का? तर म्हणाला, आजोबा, या वयात काढायची कुठं आहे, राहू द्या आत."

त्यांच्या बहिणीनं चहा आणला. सरांनी मुक्ताला खोलीभर चालायला लावलं, मग नडगीवरची खूण बघितली. एकाच रेघेवरून दुसऱ्यांदा चिरलेलं. त्यांनी बोट लावलं नाही, नुसतं बघितलं. म्हणाले, "दुसरी रेघ माझी."

"न्हाई सर," मी म्हणाले. तेवढंच मला बोलता आलं. इथं जे लिहिलं आहे त्यातलं काहीही तोंडातून निघालं नाही.

सरांनी कर्जाची वही काढली. एकोणऐंशी चौकोन भरलेले. शेवटचा सरांनी मला भरायला सांगितला, त्यांच्या हाताला पट्टा होता म्हणून. मी पाचशेची नोट वहीवर ठेवली आणि चौकोनात ८० लिहिलं.

सरांनी चष्मा वर केला. "अक्षर तसंच वाकडं आहे अक्का."

"हाव सर."

"आकडा खरा आहे."

मग बहिणीला सांगून त्यांनी कपाटातून पुडी आणवली. प्लेट, सहा स्क्रू, आणि वेगळ्या कागदात एक गुंडी. दोऱ्याला बांधलेली, वर पांढरा थर, जसाच्या तसा. गुंडी माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "चिंच लावू नका." मुक्ता एवढी हसली की तिला ठसका लागला.

सर पाया पडू देत नाहीत. म्हणतात, वाकताना कंबरेचं हाड सांभाळा. म्हणून निघताना मी स्वयंपाकघरात गेले आणि चहाचे कप धुवून पालथे घातले. किटलीला आतून पांढरा थर धरला होता. तो तसाच राहू दिला.

परत येताना एसटीत मुक्तानं पुडी सोडली. प्लेट तळहातावर घेऊन बघत राहिली.

"आई, एवढी जड व्हती व्हय ही?"

"हाव."

मग तिनं दुसऱ्या हातावर गुंडी घेतली. तिचं वजन काही कळतच नाही, असं म्हणाली.

चाळीस हजार रुपये पूर्ण फिटले. एक रुपयासुद्धा बाकी नाही.